इशारा नेमका कोणासाठी? पीएचपीच्या इतिहासातील एक जुना पेच

जून १९९५ मध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी स्वतःच्या संकेतस्थळासाठी लिहिलेली काही साधने सर्वांसाठी खुली केली. त्यांतूनच पुढे पीएचपी ही भाषा उभी राहिली. आधी आराखडा आणि मग इमारत, असा तिचा प्रवास नव्हता. गरज पडेल तशा खोल्या वाढत गेल्या. साहजिकच तिच्या कर्त्यांपुढे लवकरच प्रश्न उभा ठाकला: चुकीची ठरलेली सोय काढून टाकली, तर तिच्यावर विसंबलेल्या जुन्या संकेतस्थळांचे काय?

'रजिस्टर ग्लोबल्स' ही अशीच एक सोय. वाचकाने पत्त्यातून किंवा अर्जातून पाठवलेले मूल्य तिच्यामुळे आपोआप प्रोग्राममधील व्हेरिएबल बने. नवशिक्यांना ती फार आवडे. मात्र प्रोग्रामने 'ॲडमिन' या व्हेरिएबलला आरंभीच मूल्य दिलेले नसेल, तर पत्त्याच्या शेवटी 'ॲडमिन=१' एवढे जोडून एखादा परका माणूस प्रशासक होऊन बसण्याची भीती असे. एप्रिल २००२ मध्ये, ४.२.० या आवृत्तीपासून, ही सोय मुळात बंद ठेवली जाऊ लागली; तरी सर्व्हर चालवणाऱ्याला ती पुन्हा चालू करता येई. ती कालबाह्य घोषित झाली २००९ च्या ५.३ मध्ये आणि हद्दपार झाली मार्च २०१२ च्या ५.४ मध्ये. सुरक्षेशी थेट संबंध असलेल्या सोयीसाठी दहा वर्षांची ही सवलत मला तरी अवाजवी वाटते.

५.३ याच आवृत्तीने 'डेप्रिकेटेड' हा इशाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग आणला. त्याचा अर्थ: ही सोय आज चालते, उद्या चालेलच असे नाही. कल्पना निर्दोष होती. अडचण होती ती इशारा उमटण्याच्या जागेची. चुका दाखवण्याची व्यवस्था चालू असली, की इशारा थेट पानावर छापला जाई. तो वाचणारा असे संकेतस्थळावर आलेला पाहुणा, ज्याला प्रोग्रामची एक ओळही बदलता येत नाही. शिवाय कुकी ठेवण्याचा किंवा दुसऱ्या पानाकडे वळवण्याचा आदेश मजकुराच्या आधीच ब्राउझरकडे जावा लागतो. त्याआधी इशाऱ्याची एखादी ओळ छापली गेली, तर तो आदेशच अडे. धडधाकट प्रोग्राम इशाऱ्यामुळेच मोडावा, हा विचित्र न्याय होता! मग संकेतस्थळांचे मालक इशारे सरसकट बंद करत, किंवा प्रोग्रामर ओळीआधी '@' हे चिन्ह लावून त्यांचे तोंड दाबत. परिणामी सोय खरोखर काढली जाई, तेव्हा अनेकांना तो आकस्मिक घाव वाटे.

मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी पीएचपीची जुनी फंक्शने २०१३ च्या ५.५ मध्ये कालबाह्य ठरली आणि डिसेंबर २०१५ च्या ७.० मध्ये काढली गेली. वर्डप्रेसने यावर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. एप्रिल २०१४ च्या ३.९ आवृत्तीत त्याने डेटाबेसशी बोलण्याचे काम करणाऱ्या आपल्या थरातच निवड घातली: पीएचपी ५.५ किंवा त्यापुढची असेल तर नवे 'मायएसक्यूएलआय', नसेल तर जुनी फंक्शने. त्या थरातूनच काम करणाऱ्या प्लगइनना काही बदलावे लागले नाही. वर्डप्रेसमधील कालबाह्य फंक्शनेही एका वेगळ्या फाइलमध्ये जपली जातात, १.५.१ या आवृत्तीत मोडीत काढलेले एक फंक्शन अजूनही तिथे आहे. त्यांच्याविषयीचा इशारा डिबगची सोय चालू करणाऱ्यालाच, म्हणजे बहुधा दुरुस्ती करू शकणाऱ्यालाच, दिसतो. या उदारतेची किंमतही होती. पीएचपी ५.२ चा आधार जानेवारी २०११ मध्येच संपला होता, पण वर्डप्रेसने ५.२.४ वर चालण्याची हमी मे २०१९ पर्यंत सोडली नाही.

डिसेंबर २०२२ च्या पीएचपी ८.२ ने पुन्हा तीच कसोटी पाहिली. क्लासमध्ये आधी जाहीर न केलेली प्रॉपर्टी ऐनवेळी निर्माण करणे आता कालबाह्य ठरले. कारण रास्त होते: नावात एका अक्षराची चूक झाली, तरी भाषा गुपचूप नवी प्रॉपर्टी तयार करून मोकळी होई. मात्र या वेळी इशाऱ्यासोबत सुटकेची वाटही दिली गेली. क्लासच्या वर एक खास खूण लिहिली, की त्याच्यापुरता इशारा थांबतो. ही खूण '#' या चिन्हाने सुरू होते आणि जुन्या आवृत्त्या '#' पासून पुढची ओळ निव्वळ टीप मानून वगळतात; त्यामुळे तीच फाइल जुन्या-नव्या दोन्ही सर्व्हरवर चालते. वर्डप्रेसने ६.१ मध्ये आपल्या अनेक क्लासना ही खूण लावून टाकली. जिथे ती नसेल, तिथे पीएचपी ९.० पासून या इशाऱ्याचे रूपांतर थेट त्रुटीत करण्याचे ठरले आहे.