यंत्रातलं पिल्लू आणि कोंबडीचे जंतू

ब्रॉयलरच्या खाद्यात अँटिबायोटिक शिरलं ते आजारासाठी नव्हे, वजनासाठी. १९४८ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ पर्ल रिव्हरच्या लेडर्ले प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स पिल्लं तोलत बसले होते. बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधायचा, म्हणून पिल्लांना निरनिराळी पूरकं घातली होती. त्यात ऑरिओमायसिन काढून उरलेला चोथा खाल्लेली पिल्लं चांगलीच वजनदार भरली. चोथ्यात राहून गेलेल्या अँटिबायोटिकचा तो प्रताप. टाकाऊ मालावर वजन वाढतंय म्हटल्यावर कोण थांबतो? काही वर्षांतच चिमूटभर अँटिबायोटिक खाद्यात रोजचं झालं. चिमूटभर औषध रोज मिळालं की कमकुवत जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. ब्रिटनच्या स्वान समितीने १९६९ मध्येच हा धोका सांगितला होता.

अँटिबायोटिकच्या पर्यायाची गोष्ट मात्र फिनलंडमधली. १९७१ मध्ये तिथल्या ब्रॉयलरमध्ये साल्मोनेला इन्फँटिसची साथ आली. तिथल्या एस्को नुर्मी आणि रांताला या संशोधकांना एक गोष्ट खटकली. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू मूठभर जंतूंनीही बाधतं, मोठ्या कोंबडीला मात्र सहसा काही होत नाही. पूर्वी पिल्लू आईच्या पंखाखाली वाढायचं, तिच्या विष्ठेत चोच मारायचं आणि पहिल्याच दिवसांत तिचे जंतू पोटात घ्यायचं. हॅचरीत ते एकवीस दिवसांनी स्वच्छ ट्रेमध्ये उघडतं. आईची गाठच पडत नाही. आतडं रिकामं, आणि रिकाम्या घरात जो आधी घुसेल तो मालक! नुर्मी-रांताला यांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या अन्नपिशवीतला आणि आतड्यातला ऐवज घेऊन तो पिल्लांना पाजला. उपाय किळसवाणा खरा, पण पिल्लं साल्मोनेलाला पुरून उरली. १९७३ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं.

आधीच जागा पटकावून बसलेले जिवाणू आतड्याच्या अस्तरावर नवख्याला बूड टेकू देत नाहीत, त्याचं खाद्य संपवतात आणि वर आम्ल सोडतात; ते साल्मोनेलाला मानवत नाही. या विचारावर बेतलेलं ब्रॉयलॅक्ट हे जिवाणूंचं मिश्रण १९८७ मध्ये फिनलंडच्या बाजारात आलं. पण आतड्यातला सरमिसळ ऐवज म्हटला की सरकारी नियंत्रकांच्या कपाळाला आठ्या. त्यांना जिवाणूंची नावं-गावं लागतात. म्हणून पुढे प्रोबायोटिकच्या पुड्यांमध्ये ओळखीचे लॅक्टोबॅसिलस आणि बॅसिलस आले.

या पुड्यांची मागणी वाढवली ती कायद्यांनी. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीची अँटिबायोटिक्स बंद केली, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिनवर खाद्योपयोगी जनावरांसाठी बंदी घातली. माणसाच्या उपचारात बाकी सगळं हरल्यावर जे काढतात, ते हे औषध.

तरी पुडी म्हणजे जादू नव्हे. तूस ओलं, शेडमध्ये अमोनियाचा दर्प आणि पिल्लांची दाटी असेल, तर कोणताच जिवाणू लॉट वाचवत नाही. शिवाय पुडीत काय आहे ते वाचूनच घ्यावी. बॅसिलसचे बीजाणू पेलेट बनवतानाची उष्णता सोसतात; लॅक्टोबॅसिलस बहुधा त्यातच मरतो, म्हणून तो पाण्यातून देतात. आणि तो पाण्यातून देणार असाल, तर त्या वेळी टाकीत ब्लीचिंग पावडर टाकू नका; ती त्यालाही मारते.