त्रिकसंधीची वेदना आणि हस्तचिकित्सा : एक इतिहास

आहारदान, औषधदान, शास्त्रदान व अभयदान ही चार दाने श्रावकाच्या कर्तव्यांत गणली जातात. औषधदानात रोग्याला दिलासा देणाऱ्या हाताचाही समावेश करावयास हवा. सामायिकात ४८ मिनिटे एका आसनावर बसून उठताना अनेक ज्येष्ठ श्रावक-श्राविकांच्या कमरेखाली एका बाजूस कळ येते. पाठीच्या कण्याच्या तळाची त्रिकास्थी कटीच्या हाडांना जेथे मिळते, तो सॅक्रोइलिअॅक सांधा कधीकधी या दुखण्याचे मूळ असतो. त्याच्या हस्तचिकित्सेचा इतिहास बोधप्रद आहे.

अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथीची मांडणी केली व १८९२ मध्ये कर्क्सव्हिल येथे तिचे विद्यालय स्थापिले. १९०५ मध्ये बोस्टनच्या गोल्डथ्वेट व ऑस्गुड या डॉक्टरांनी कंबरदुखीचे एक महत्त्वाचे कारण म्हणून या सांध्याकडे लक्ष वेधले. सांधा जागेवरून सरकतो व हाताने पूर्ववत बसविता येतो, ही धारणा पुढे रूढ झाली. १९३४ मध्ये मिक्स्टर व बार यांनी मणक्यांमधील चकतीचा दोष दाखविला आणि वैद्यकाचे लक्ष तिकडे वळले. हस्तचिकित्सकांनी मात्र या सांध्याची उपासना सोडली नाही.

पुढे स्वीडनमधील संशोधकांनी सूक्ष्म क्ष-किरण मापन केले. १९८९ मध्ये या सांध्याची हालचाल सरासरी अवघी अडीच अंश असल्याचे आढळले. १९९८ च्या अभ्यासात हस्तोपचारानंतर हाताने केलेल्या तपासण्या सुधारल्या. परंतु हाडांची परस्पर स्थिती तसूभरही बदललेली नव्हती.

मग उपचार निरर्थक ठरला काय? तसे नव्हे. अनेकांना आराम पडतो, हा अनुभव खरा. 'हाड जागी बसले' हा त्याचा अर्थ मात्र खरा नव्हे. स्नायूंचा ताण सैल होणे व वेदनेची जाणीव मंदावणे, हे स्पष्टीकरण आज अधिक ग्राह्य मानले जाते. अनेकांतदृष्टी आपल्याला हाच विवेक शिकविते.

म्हणून 'हाड सरकले' या शब्दाने भयभीत होऊन वारंवार हाडे कडकड वाजवून घेऊ नयेत. हाडे ठिसूळ असल्यास, ताप असल्यास, पायांत बधिरता आल्यास वा लघवीवरील नियंत्रण सुटल्यास प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इतरांनी जाणत्या फिजिओथेरपिस्टच्या हस्तोपचारास नित्य व्यायामाची जोड द्यावी. चिकित्सकाचा हात दिलासा देतो. शरीराला बळ मात्र स्वतःच्या पुरुषार्थानेच येते.

जय जिनेंद्र!