बांधकाम व्यावसायिकांचा कामताण

प्रकल्प व्यवस्थापक, साइट इंजिनिअर, वास्तुरचनाकार, संरचना अभियंता आणि मोजमापे-बिले पाहणारे यांना बांधकामाच्या स्वरूपामुळेच सोसावा लागणारा मानसिक व शारीरिक ताण.

ठरल्या तारखेला काम उभे करण्याची जबाबदारी या मंडळींची. पण नकाशातले बदल, परवानग्या, मालाचा पुरवठा, पाऊस आणि मालकाकडून येणारा पैसा यांतले फारसे काही त्यांच्या हाती नसते. कामाचा रेटा मोठा आणि निर्णयाचा अधिकार थोडा असला की ताण सर्वाधिक वाढतो, अशी मांडणी रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्ये केली. साइट इंजिनिअरला ती तंतोतंत लागू पडते. स्लॅबचे काँक्रीट सुरू झाले की मनाला येईल तिथे थांबवता येत नाही. पंप बिघडला तरी इंजिनिअरला मध्यरात्रीपर्यंत उभे राहावे लागते आणि सकाळी पुन्हा साइट गाठावी लागते.

टोकियोच्या नव्या राष्ट्रीय स्टेडियमचे उदाहरण विसरण्याजोगे नाही. खर्च भडकल्याने जुलै 2015 मध्ये मूळ आराखडा रद्द झाला आणि प्रत्यक्ष काम डिसेंबर 2016 मध्ये सुरू झाले. मात्र 2020 च्या ऑलिंपिकची मुदत तशीच राहिली. वाया गेलेला काळ साइटवरच्या माणसांच्या झोपेतून भरून काढला गेला. मार्च 2017 मध्ये तिथल्या 23 वर्षांच्या पर्यवेक्षकाने आत्महत्या केली. त्याआधीच्या महिन्यात त्याने सुमारे 190 तास जादा काम केले होते. हा मृत्यू अतिश्रमाचाच परिणाम असल्याचे कामगार खात्याने ऑक्टोबरमध्ये मान्य केले. जपानने 2018 च्या कायद्याने जादा कामाला वर्षाला 360 तासांची, विशेष करार असल्यास 720 तासांची मर्यादा घातली. बांधकामाला मात्र त्यातून पाच वर्षांची सूट मिळाली. मर्यादा लागू झाली ती एप्रिल 2024 पासून.

ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग रिचर्ड लाझारस व सुसान फोकमन यांनी 1984 मध्ये सांगितले: अडचणीवरच उपाय करणे, किंवा तिने उठलेल्या भावना आवरणे. वेळापत्रक नव्याने बांधणे, काम वाटून देणे हे पहिल्यात येते; मित्राशी बोलणे, व्यायाम, तसेच दारू-सिगारेटही दुसऱ्यात. परंतु मुदतच अशक्य असेल, तर एकट्या इंजिनिअरची हुशारी पुरत नाही. मुदत आणि मनुष्यबळ ठरवणाऱ्यांनीच हात घालावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये 2008 पासून ‘मेट्स इन कन्स्ट्रक्शन’ ही संस्था साइटवरच्याच माणसांना सहकाऱ्याची घालमेल ओळखायला शिकवते.

भारतात इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीच्या 1996 च्या कायद्याने ‘कामगार’ या व्याख्येतून व्यवस्थापकीय कर्मचारी आणि दरमहा 1,600 रुपयांहून अधिक पगाराचे पर्यवेक्षक वगळले होते. त्यामुळे त्या कायद्यातील कामाच्या तासांचे संरक्षण साइट इंजिनिअरपर्यंत पोहोचले नाही.