मावळचा पाऊस आणि पायांतील जोडा



मावळच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हीं नांवें आपोआप ओठांवर येतात. आज मी आपली दृष्टि त्या गडांवरून खालीं, गड चढणाऱ्या पायांकडे नेणार आहें. घोडा, तलवार, भाला यांचीं वर्णनें इतिहासकार मोठ्या आवडीनें करतात. पायताणांकडे त्यांचें लक्ष सहसा जात नाहीं. परंतु पावसाळा आला कीं शहरांतील घराघरांत प्रश्न निघतो : लोणावळ्यास जावयाचें आहे, पाणी आंत न शिरणारे बूट कोणते घ्यावे? माझ्या मतें या प्रश्नाचें उत्तर दुकानापेक्षां इतिहासांत अधिक चांगलें मिळतें.

प्रथम पावसाचें मान ध्यानांत घ्या. पुण्यास वर्षाकाठीं सुमारें 30 इंच पाऊस. तेथून अवघ्या 40 मैलांवरील लोणावळ्यास 150 इंचांहून अधिक! नैऋत्येचे वारे सह्याद्रीच्या कड्यास अडून वर चढतात, थंड होतात आणि आपला बहुतेक भार घाटमाथ्यावरच टाकतात. अशा प्रदेशांत शेंकडों वर्षें भात पिकविणाऱ्या मावळ्यानें पावसापासून रक्षणाची विद्या साधली नसेल काय? साधली होती. बांबूच्या कामट्यांचें व पानांचें इरलें त्याच्या डोक्यावर असे, घोंगडीची खोळ पाठीवर असे. पाय मात्र उघडे, किंवा फार तर उघड्या वहाणेंत.

कातडें पाणी अडवूं शकतें हें त्यास ठाऊक नव्हतें, असें कोणी समजूं नये. विहिरीची मोट कातड्याची, पखाल कातड्याची, तेलाचा बुधलाही कातड्याचा. बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें ढोरांनीं कातडें कमवावें आणि चांभारानें तें शिवावें, ही व्यवस्था गांवोगांव होती. मोट व वहाणा शिवून देण्याबद्दल चांभारास बलुतें मिळे. ज्या हातांनीं पाण्यानें भरलेली मोट न गळेल अशी शिवली, त्यांस बंद जोडा शिवणें अशक्य नव्हतें. तरी वहाण उघडीच राहिली, कारण मोटेंत पाणी राहावें लागतें आणि जोड्यांत तें राहूं नये लागतें. गुडघाभर चिखलाच्या खाचरांत आणि ओढ्याच्या उतारांत पाणी जोड्याच्या वरूनच आंत येणार. तें येऊं न देण्यापेक्षां आलेलें झटकन् बाहेर जाऊं देणें हेंच शहाणपण. त्यांतून सालीनें कमावलेलें कातडें भिजलें कीं फुगतें आणि वाळलें कीं लांकडासारखें ताठ होतें. म्हणून वहाणांस तेल चोळावयाचें आणि ऐन पावसांत त्या जपावयाच्या. कोरड्या दिवसांत त्यांचा खरा उपयोग. 1661 च्या फेब्रुवारींत कुरवंड्याचा घाट उतरून आलेल्या कारतलबखानाच्या फौजेस शिवाजीमहाराजांनीं उंबरखिंडींत कोंडलें, तें अशाच कोरड्या हंगामांत.

परंतु अनवाणी पायाचें कौतुक मला फारसें रुचत नाहीं. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मेंदीचा लेप किंवा करंजेल लावून रात्र काढावयाची आणि सकाळीं पुन्हां चिखलांत उभें राहावयाचें. गवतांतील सापाचा दंश बहुधा पायासच होतो. चिरलेल्या पायांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात, हें आतां वैद्यकानें सिद्ध केलें आहे. आणि एक गोष्ट सांगतांना मान खालीं जाते : ज्यांनीं वहाणा शिवल्या, त्यांनीं व त्यांच्यासारख्या अस्पृश्य मानलेल्या इतरांनीं वरच्या जातींच्या वस्तींतून त्या पायांत घालून जाऊं नये, हातीं घ्याव्या, असा दंडक पुष्कळ गांवीं होता. तेव्हां उघडा पाय हा सर्वत्र हौसेचा नव्हता. पुष्कळांचा तो दारिद्र्याचा व सक्तीचा होता.

मावळांत विलायती बुटाचा वावर वाढला तो आगगाडीबरोबर. 14 जून 1858 रोजीं पुणें-खंडाळा मार्ग सुरू झाला आणि 21 एप्रिल 1863 रोजीं बोरघाटाचा चढ पुरा झाला. ऐन भरांत 40 हजारांवर मजूर त्या कामावर खपत होते, आणि पटकीनें त्यांतील कित्येकांचा बळी घेतला. पुढें लोणावळ्यास रेल्वेच्या गोऱ्या नोकरांची वसाहत झाली. त्यांचा जाड चामड्याचा बूट थंड देशासाठीं जन्मलेला. आषाढांत तो आंतून भिजला कीं चार दिवस वाळेना. रबराची युक्ति याच काळांतील. चार्ल्स गुडइयरनें 1839 मध्यें गंधक व उष्णता यांच्या योगानें रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली, आणि 1853 मध्यें हायरम हचिन्सननें फ्रान्सांत रबरी बुटांचा कारखाना काढला. गमबूट आले ते या वाटेनें.

बंद बुटांत अडकलेलें पाणी काय करतें, याचा धडा पहिल्या महायुद्धानें दिला. 1914 च्या हिंवाळ्यांत फ्लँडर्सच्या खंदकांत, जेथें आपल्या हिंदी पलटणीही होत्या, सहस्रावधि शिपायांचे पाय ओल्या बुटांत सुजले, बधिर झाले, कित्येकांचे सडले. उपाय ठरला तो असा : रोज बूट काढावे, पाय पुसून तेल चोळावें, कोरडे मोजे घालावे. आमच्या करंजेलाची येथें आठवण होते! पुढें 1960 नंतरच्या दशकांत व्हिएतनामच्या दलदलीसाठीं अमेरिकन सैन्यानें जे बूट वापरले, त्यांच्या आंतल्या बाजूस पाणी निघून जाण्यासाठीं मुद्दाम भोकें ठेविलीं होतीं. इतक्या संपन्न सैन्यास अखेर वहाणेचेंच तत्त्व पत्करावें लागलें.

आतां आपल्या खरेदीचें. 1969 मध्यें रॉबर्ट गोर यांनीं लावलेल्या शोधांतून असा पातळ पडदा निघाला कीं, बाहेरचा थेंब आंत येत नाहीं आणि आंतली वाफ बाहेर जाते. महाग बुटांत तो असतो. परंतु वाफ बाहेर जावयास बाहेरची हवा आंतल्यापेक्षां कोरडी पाहिजे. श्रावणांतील लोणावळ्याची हवा स्वतःच पाण्यानें भरलेली. शिवाय ओढ्यांत पाऊल घोट्यापेक्षां खोल गेलें, तर वरून शिरलेलें पाणी तोच पडदा आंत अडवून धरतो. म्हणून पावसाळ्यांत जाळीदार, हलका, लौकर निथळणारा जोडा घ्यावा. तळ मऊ रबराचा व खोल खांचांचा असावा. शेवाळलेल्या काळ्या दगडावर जीव त्या तळाच्या भरंवशावर असतो. 1935 मध्यें आल्प्समध्यें सहा सोबती मृत्यु पावल्यानंतर इटलीच्या व्हितालें ब्रामानीनें रबरी खांचांचा तळ काढला, त्याचें कारणही पायाची पकडच.

न भिजणारा बंद बूट शोभतो तो मार्गशीर्ष-पौषांत. तेव्हां पवनेच्या कांठीं पहांटे गवत दंवानें ओलें असतें, हवा कोरडी असते, आणि आंतली वाफ खरोखरच बाहेर पडते. तो सायंकाळीं विकत घ्यावा, कारण दिवसभर चालून पाय किंचित् फुगलेले असतात. जे मोजे घालून चालणार तेच नेऊन पाहावे, आणि अंगठ्यापुढें बोटभर जागा सोडावी, नाहीं तर विसापूर उतरतांना नखें काळीं पडतात. मोजे लोंकरीचे उत्तम. सुती मोजा ओल धरून ठेवतो. घरीं आल्यावर ओला बूट चुलीजवळ कधींही ठेवूं नये. आंत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलींत ठेवावा आणि बोळे रात्रींतून एकदां बदलावे.