छायाचित्रातील अनामिक : वसाहतकालीन भारतातील छायाचित्रण, संमती आणि कायदा

प्रस्तावना

छायाचित्राच्या व्यवहारात तीन व्यक्ती गुंतलेल्या असतात : छायाचित्र काढणारा, ते पाहणारा आणि त्यात दिसणारा. पहिल्याचे नाव छायाचित्राखाली छापले जाते. दुसरा त्याचा अर्थ लावतो. तिसरी व्यक्ती मात्र बहुधा अनामिक राहते. तिला कोणी विचारले होते काय, तिने होकार दिला होता काय, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासात फार उशिरा उपस्थित झाले.

सार्वजनिक ठिकाणी अनोळखी व्यक्तीचे तिच्या संमतीवाचून छायाचित्र काढणे कायदेशीर आहे काय आणि शिष्टसंमत आहे काय, हा प्रश्न भ्रमणध्वनीतील कॅमेऱ्यामुळे आज घरोघरी पोहोचला आहे. परंतु तो नवा नाही. छायाचित्रणाची कला भारतात रुजली त्या काळापासूनच तो अस्तित्वात आहे. वसाहतकालीन भारतात संमतीची जाणीव नव्हती, असा एक समज आहे. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. संमतीची जाणीव त्या काळीही होती, परंतु ती व्यक्तीच्या सामाजिक प्रतिष्ठेनुसार वाटली गेली, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

मुंबईतील आरंभ आणि 'नमुन्यां'ची छायाचित्रे

१८५४ साली मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे सुशिक्षित एतद्देशीय या संस्थेत सहभागी होते. म्हणजेच छायाचित्रण ही कला भारतीयांनी केवळ दुरून पाहिली नाही, ती हाताळलीही.

या संस्थेशी संबंधित असलेल्या विल्यम जॉन्सन याने मुंबईत आढळणाऱ्या विविध जातिजमातींच्या छायाचित्रांचा संग्रह १८६३ व १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला. यातील अनेक चित्रे जोडचित्रे आहेत. माणसांची छायाचित्रे एका ठिकाणी घेऊन ती दुसऱ्याच एखाद्या दृश्याच्या पार्श्वभूमीवर चिकटवली गेली. चित्रात दिसणारा मनुष्य ज्या जागी उभा दिसतो, त्या जागी तो कधी उभा राहिला असेलच असे नाही. चित्राखाली व्यक्तीच्या नावाऐवजी समूहाचे नाव येते. व्यक्तीचा 'नमुना' होण्याची ही प्रक्रिया होय.

या प्रक्रियेला सरकारी पाठबळ मिळाले ते जॉन फोर्ब्स वॉटसन व जॉन विल्यम के यांनी संपादित केलेल्या 'द पीपल ऑफ इंडिया' या ग्रंथमालेत. १८६८ ते १८७५ या काळात तिचे आठ खंड निघाले व त्यांत चारशेहून अधिक छायाचित्रे समाविष्ट झाली. १८५७ च्या उठावानंतर आपली प्रजा कोण आहे, तिच्यापैकी विश्वासू कोण व धोकादायक कोण, हे जाणून घेण्याची निकड राज्यकर्त्यांना भासत होती. त्यामुळे छायाचित्रासोबतच्या मजकुरात त्या त्या समूहाच्या स्वभावाविषयी व राजनिष्ठेविषयी शेरे आढळतात. स्वतःविषयीच्या या शेऱ्यांना उत्तर देण्याची संधी चित्रातील व्यक्तीला नव्हती.

येथे एक तांत्रिक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्या काळी ओल्या काचेवर छायाचित्र घेत असत. तिपाईवरचा अवजड कॅमेरा, काळ्या कापडाखाली शिरणारा छायाचित्रकार आणि काही सेकंदांचा प्रकाशनकाल यांमुळे चोरून छायाचित्र काढणे जवळपास अशक्य होते. समोरच्या व्यक्तीला स्तब्ध राहावेच लागे. तेव्हा आपले छायाचित्र निघत आहे हे तिला ठाऊक असे. पण ठाऊक असणे म्हणजे संमती नव्हे. अधिकाऱ्याने उभे राहण्यास सांगितले म्हणून उभा राहिलेला रयतेतील मनुष्य आणि पैसे मोजून चित्रशाळेत बसलेला ग्राहक, हे दोघेही कॅमेऱ्यासमोर स्तब्धच असतात. एकाची स्तब्धता आज्ञापालनाची असते, दुसऱ्याची इच्छेची.

लंडनमधील एक प्रसंग

'द पीपल ऑफ इंडिया'वरील भारतीय प्रतिक्रियेची एक नोंद सर सय्यद अहमद खान यांच्या इंग्लंडप्रवासाच्या वृत्तांतात सापडते. १८६९ साली ते लंडनला गेले असता इंडिया ऑफिसमध्ये हा ग्रंथ त्यांच्या व त्यांच्या पुत्रांच्या पाहण्यात आला. तेथे एका तरुण इंग्रजाने त्यांचे पुत्र सय्यद महमूद यांना, तुम्ही हिंदुस्थानी आहात काय, असे विचारले. महमूद संकोचले. त्यांनी होकार दिला, परंतु आपण येथील मूळ रहिवाशांपैकी नसून आपले पूर्वज अन्य देशांतून आले होते, असा खुलासाही त्यांनी लगोलग केला.

या प्रसंगाचा उल्लेख वसाहतवादी अपमानाचे उदाहरण म्हणून केला जातो, व ते योग्यच आहे. तथापि त्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. त्या चित्रांतील माणसांत आपली गणना होऊ नये, ही महमूद यांच्या उत्तरातील मुख्य चिंता आहे. त्या माणसांना विचारून चित्रे काढली होती काय, हा प्रश्न तेथे येत नाही. चित्रित समूहांपासून स्वतःला वेगळे करणे हाच अभिजनांना उपलब्ध असलेला बचाव होता. ज्यांना असे वेगळे होता येत नव्हते, त्यांची तक्रार नोंदविण्याची सोयच नव्हती.

दुष्काळ, देहदंड आणि प्लेग

१८७६ ते १८७८ या काळात दख्खन व मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. मद्रास सैन्यातील अधिकारी विलोबी वॉलेस हूपर याने मद्रास इलाख्यातील दुष्काळग्रस्तांची छायाचित्रे घेतली. अस्थिपंजर झालेल्या स्त्रीपुरुषांना व मुलांना कॅमेऱ्यापुढे रचून बसविलेले या चित्रांत दिसते. दुष्काळाची तीव्रता जगापुढे आणण्यास अशी चित्रे साहाय्यभूत ठरली, हे नाकारता येत नाही. परंतु भुकेने कासावीस झालेल्या व्यक्तीला नकार देण्याचे कितपत स्वातंत्र्य होते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

याच हूपरमुळे छायाचित्रणाच्या औचित्याचा प्रश्न १८८६ मध्ये ब्रिटिश संसदेपर्यंत पोहोचला. मंडाले येथे ब्रह्मी कैद्यांना गोळ्या घालून देहदंड दिला जात असता, त्या नेमक्या क्षणाचे छायाचित्र मिळावे म्हणून त्याने खटपट केल्याचे वृत्त लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये आले. संसदेत प्रश्न विचारले गेले, चौकशी झाली आणि हूपरला जाहीर ठपका मिळाला. त्याच्या वर्तनाने सैन्याची व राज्यकारभाराची अप्रतिष्ठा झाली, हा आक्षेपाचा गाभा होता. मरणोन्मुख कैद्याच्या प्रतिष्ठेपेक्षा राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेची चिंता अधिक होती.

दहा वर्षांनी मुंबईत प्लेग आला. १८९६-९७ मधील प्लेगनिवारणाच्या कार्याची छायाचित्रे संग्रहित झाली. रुग्णालयातील खाटांवरचे रुग्ण आणि घरांची तपासणी करणारी पथके त्यांत आढळतात. घरात शिरणाऱ्या पथकांविरुद्ध मुंबई-पुण्यात तीव्र असंतोष होता, हे सर्वश्रुत आहे. उंबरठा ओलांडला जाणे हा मर्यादाभंग आहे, हे समाजाला तत्काळ उमगले. याच पथकांचे काम टिपणारा कॅमेराही रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचला होता. परंतु खाटेवरच्या रुग्णाची प्रतिमा सरकारी संग्रहात कायमची जमा होणे, हे उंबरठ्यासारखे डोळ्यांना दिसणारे आक्रमण नव्हते.

पडद्याचा मान

याउलट प्रतिष्ठित कुटुंबांतील स्त्रियांच्या बाबतीत छायाचित्रणाचे शिष्टाचार काटेकोर होते. लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना चित्रशाळा उघडली व तिचा कारभार एका इंग्रज स्त्रीकडे सोपविला. पडदानशीन स्त्रीला परपुरुषासमोर यावे लागू नये, ही त्यामागील दृष्टी होती.

याच दशकात अंदमानात एम. व्ही. पोर्टमन हा अधिकारी तेथील आदिवासींची छायाचित्रे पद्धतशीरपणे घेत होता. मोजमापाच्या सोयीसाठी चौकटींचा पडदा मागे लावून विवस्त्र देह समोरून व बाजूने चित्रित केले जात. हैदराबादेत पडदा स्त्रीची लज्जा राखण्यासाठी होता, अंदमानात तो देहाची मापे घेण्यासाठी होता. एकाच काळी, एकाच साम्राज्यात संमतीचे दोन नियम नांदत होते. म्हणूनच, संमतीची कल्पनाच त्या काळी नव्हती, हे विधान टिकत नाही.

१८८८ : कायद्याच्या तीन दिशा

१८८८ हे वर्ष या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. त्या वर्षी अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी 'कोडॅक' कॅमेरा बाजारात आणला. हातात धरून, क्षणार्धात आणि समोरच्याच्या नकळत छायाचित्र घेणे त्यामुळे सामान्य माणसाच्या आटोक्यात आले.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पोलार्ड विरुद्ध फोटोग्राफिक कंपनी या खटल्याचा निकाल लागला. चित्रशाळेत काढून घेतलेले एका स्त्रीचे छायाचित्र छायाचित्रकाराने नाताळच्या शुभेच्छापत्रावर वापरले होते. न्यायालयाने त्यास मनाई केली. मात्र त्यामागे करार व विश्वासभंग ही तत्त्वे होती. म्हणजे संरक्षण मिळाले ते ग्राहकाला. रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी व्यक्तीचा छायाचित्रकाराशी कोणताच करार नसतो.

आणि त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात, शेजारच्या इमारतीतून घरातील स्त्रियांच्या भागावर दृष्टी पडू नये, असा रूढीजन्य हक्क मान्य केला. भारतीय न्यायव्यवस्थेत खासगीपणाची कल्पना अपरिचित नव्हती, हे यावरून दिसते. परंतु हा हक्क घराच्या भिंतींशी व पडदापद्धतीशी बांधलेला होता. ज्यांना आडोशाचे घर नव्हते, त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नव्हता.

अमेरिकेत सॅम्युएल वॉरेन व लुई ब्रँडाइस यांनी १८९० मध्ये खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला, त्याच्या कारणांत क्षणचित्रे व वृत्तपत्रे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पुढे पिठाच्या जाहिरातीवर एका तरुणीचे छायाचित्र तिच्या संमतीवाचून छापले गेले. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तिला दाद दिली नाही, परंतु लोकक्षोभानंतर १९०३ मध्ये तेथे व्यापारी वापरासाठी लेखी संमती आवश्यक करणारा कायदा झाला. भारतात मात्र १९२० च्या 'आयडेंटिफिकेशन ऑफ प्रिझनर्स ॲक्ट'ने कैद्यांची व संशयितांची छायाचित्रे घेण्याचा अधिकार शासनाला दिला. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती निर्दोष सुटल्यास तिचे छायाचित्र सामान्यतः नष्ट करावे अथवा तिला परत द्यावे, अशी तरतूदही त्यात होती. आपल्या प्रतिमेवर व्यक्तीचा काही दावा असतो, हे वसाहतकालीन कायद्यानेच अशा आडवळणाने मान्य केले होते. २०२२ च्या नव्या कायद्याने या कायद्याची जागा घेतली आहे.

स्वातंत्र्योत्तर परिस्थिती

१९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार छायाचित्राची मालकी सामान्यतः छायाचित्रकाराकडे, अथवा मोबदला देऊन ते काढवून घेणाऱ्याकडे जाते. चित्रातील व्यक्तीला केवळ ती चित्रात आहे म्हणून मालकी मिळत नाही. सार्वजनिक ठिकाणी छायाचित्र काढण्यास सरसकट मनाई करणारा कायदाही भारतात नाही. मर्यादा आहेत त्या विशिष्ट परिस्थितीपुरत्या. स्त्रीच्या खासगी क्षणांचे चित्रण २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत स्वतंत्र कलम घालून गुन्हा ठरविण्यात आले व १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. चित्र काढण्यास दिलेली संमती ही ते प्रसृत करण्यास दिलेली संमती नव्हे, हे महत्त्वाचे तत्त्व त्यात आले. अंदमानात आदिवासी संरक्षणाच्या १९५६ च्या विनियमात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन तरतुदी कडक झाल्या, आणि जारवांची छायाचित्रे घेण्यास तेथे मनाई आहे. ज्या बेटांवर एकेकाळी आदिवासी देहाचे सर्वाधिक पद्धतशीर चित्रण झाले, तेथेच कॅमेऱ्याला कठोर बंदी यावी, हा इतिहासाचा अर्थपूर्ण फेरा आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. व्यक्ती सार्वजनिक ठिकाणी आली म्हणून तिचा खासगीपणा संपुष्टात येत नाही, हा विचारही या निकालात आहे. पूर्वीचा हक्क घराशी, पडद्याशी वा कराराशी बांधलेला होता, तो आता व्यक्तीच्या प्रतिष्ठेशी जोडला गेला. भिंत नसलेल्या माणसालाही तो तत्त्वतः प्राप्त झाला.

निष्कर्ष

१. वसाहतकालीन भारतात छायाचित्रणासाठी संमतीची जाणीव होती, परंतु तिचा लाभ वर्ग, जात, लिंग व सत्तेतील स्थान यांवर अवलंबून होता.

२. आरंभीच्या छायाचित्रांत चित्रित व्यक्तीला चित्रणाची कल्पना असे. तेवढ्यावरून तिची संमती गृहीत धरणे इतिहासाच्या दृष्टीने सदोष आहे.

३. कायद्याने संरक्षण दिले ते प्रथम घराला, ग्राहकाला व स्त्रीच्या पडद्याला. अनोळखी, सामान्य व्यक्तीची प्रतिष्ठा हा आधार सर्वांत शेवटी आला.

४. जे कायद्याने निषिद्ध नाही, ते सर्व उचित ठरत नाही. कायद्याने मोकळ्या ठेवलेल्या जागेत शिष्टाचाराचे महत्त्व अधिक आहे.

या निष्कर्षांचा महाविद्यालयीन अध्यापन व संशोधनाशी निकटचा संबंध आहे. क्षेत्रीय अभ्यास, शैक्षणिक सहली व राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे यांत पाड्यावरच्या, वस्तीवरच्या माणसांची छायाचित्रे सर्रास घेतली जातात. अहवालात त्यांखाली 'आदिवासी स्त्री' अथवा 'मजूर' एवढीच ओळ असते. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांतील चित्रओळींशी तिचे साम्य अस्वस्थ करणारे आहे. छायाचित्र घेण्यापूर्वी विचारणे, ते कोठे छापले जाणार हे समजेल अशा भाषेत सांगणे, नकाराचा मान राखणे, व्यक्तीची इच्छा असल्यास तिचे नाव देणे आणि शक्य तेव्हा छायाचित्राची एक प्रत तिच्या हाती पोहोचविणे, एवढा शिष्टाचार पाळण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जुनी छायाचित्रे पाठ्यपुस्तकांत वा सादरीकरणांत वापरतानाही ती कोणी, कशासाठी व कोणत्या अधिकाराने घेतली, हे विद्यार्थ्यांसमोर ठेवणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते. त्या चित्रांतील माणसांची संमती आता मिळविता येणार नाही. ती घेतली गेली नव्हती, एवढे सांगणे मात्र अजूनही शक्य आहे.