जंजिरा : गादीचे तंटे व परसत्ता

दिवेआगर, बोर्ली पंचतन, श्रीवर्धन ही गावे विलीनीकरणापर्यंत जंजिरा संस्थानात मोडत. सिद्दींची सरदारी आरंभी वंशपरंपरेने जात नसे. आरमारातला कर्तबगार सरदार पुढे येई आणि आधी विजापूर, नंतर मोगल त्याला मान्यता देत. गादी रिकामी झाली की तंटा उभा राही, आणि प्रत्येक पक्ष बाहेरचा पाठीराखा गाठी.



१७३३–३६ : सिद्दी रसूल याकूतखान १७३३ च्या आरंभी वारला आणि मुलांत भांडण जुंपले. थोरला अब्दुल्ला मारला गेला. खुनामागे कोण होते याविषयी मतभेद आहेत. त्याचा मुलगा अब्दुर रहमान मराठ्यांच्या आश्रयाला आला. सिद्दींच्या जाचामुळे श्रीवर्धनची देशमुखी सोडावी लागलेल्या भट घराण्यातला बाजीराव पेशवा त्याच्या बाजूने राजपुरीवर उतरला. खाडीतली सिद्दींची गलबते हाती आली, पण जंजिरा दर्यात होता आणि पावसाळा तोंडावर. आंग्र्यांचे आरमार त्या दिवसांत बाहेर पडेना. ८ जूनला छत्रपतींच्या प्रतिनिधीच्या माणसांनी किल्लेदाराशी परस्पर बोलणे लावून सिद्दींकडचा रायगड घेतला. पेशव्याला ते रुचले नाही. ऑगस्टमध्ये सेखोजी आंग्रे वारला आणि त्याच्या भावांत, मानाजी-संभाजींत, वैर पेटले. मुंबईकर इंग्रजांनी सिद्दींना मदत पुरवली, कारण आंग्र्यांना समुद्रावर अडवायला त्यांना सिद्दी हवा होता. जंजिरा वाचला तो तटबंदीइतकाच मराठ्यांतल्या या फाटाफुटीने. १७३६ च्या एप्रिलमध्ये रेवसजवळ बाजीरावाचा भाऊ चिमाजी अप्पा याने सिद्दींचा सरदार सिद्दी सात याचा पराभव केला. सात त्या लढाईत पडला. त्यानंतरच्या तहात अब्दुर रहमानला मान्यता मिळाली.

१७९१ : गादीचा हक्कदार बाळूमियाने पेशव्यांशी करार करून जंजिऱ्याच्या बदल्यात सुरतेजवळचे सचीन स्वीकारले. पण किल्ला ताब्यात असलेल्या सिद्दी जौहरने तो सोडला नाही, आणि करारात मिळालेला जंजिरा पेशव्यांच्या ताब्यात कधीच आला नाही.

इंग्रजी अंमल : १८३४ मध्ये जंजिरा इंग्रजांच्या सार्वभौमत्वाखाली असल्याचे जाहीर होऊन टांकसाळ बंद झाली. १८६९ मध्ये नबाब इब्राहिमखानाचे फौजदारी अधिकार काढून तेथे इंग्रज अधिकारी नेमला गेला. पुढच्याच वर्षी सरदारांनी नबाबाविरुद्ध बंड केले. इंग्रजांनी अटी घालून त्यालाच पुन्हा गादीवर बसवले.

विलीनीकरण : १९४८.