आश्रय आणि शुश्रूषा

छत्रपति संभाजीनगराहून पैठणास जाणाऱ्या रस्त्यावर चौदा किलोमीटरांच्या सुमारास चितेगांव लागतें. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळें या गांवाचें नांव सर्वतोमुखीं झालें. आसपासच्या तालुक्यांतील तरणीं पोरें येथें दूरचित्रवाणीचे संच जोडावयास आलीं आणि त्यांपैकीं पुष्कळांनीं इकडेच संसार मांडले. २०१८ सालीं ती कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखालीं गेली. तेव्हांचीं तीं पोरें आज साठीच्या उंबरठ्यावर आहेत, आणि त्यांचीं मुलें पोटासाठीं पुण्यास वा त्याहूनहि दूर गेलीं आहेत. याच पैठण रस्त्यावर शहराच्या अंगाला ‘मातोश्री’ वृद्धाश्रम आहे. या वाटेनें जातां येतां आमच्या मनांत जो प्रश्न उभा राहतो, तो छपराचा नव्हे. वृद्धास छप्पर मिळालें म्हणजे त्याची सेवा झाली असें आपण केव्हांपासून समजूं लागलों, हा तो प्रश्न होय. आणि त्याच्या उत्तरासाठीं बरेंच मागें जावें लागतें.

प्राचीनांची समजूत तशी नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. चौपायी चौरंगाचा एक पाय तुटला तर तो कलंडावयाचाच. तेव्हां परिचारकास येथें वैद्याच्या पंक्तीस बसविलें आहे. त्याचेहि चार गुण मोजले आहेत: शुश्रूषेचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता. यांत ज्ञानाचा उल्लेख आधीं आहे, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. नुसती ममता असली कीं पुरे, असें शास्त्रकारांनीं मानलें नाहीं.

बौद्धांच्या विनयग्रंथांत, महावग्गांत, याहूनहि बोलकी हकीकत आहे. अतिसारानें जर्जर झालेला एक भिक्षु आपल्याच मलमूत्रांत पडलेला बुद्धास दिसला. सहवासी भिक्षु तुझी सेवा कां करीत नाहींत, असें विचारतां तो म्हणाला कीं, मी त्यांच्या कांहीं उपयोगीं पडत नाहीं म्हणून. तेव्हां बुद्धानें पाणी घातलें, आनंदानें त्याचें अंग धुतलें, आणि दोघांनीं मिळून त्यास उचलून शय्येवर निजविलें. उपयोग संपला कीं माणूस संपला, ही वृत्ति कांहीं आजची नव्हे. परंतु त्या प्रसंगानंतर संघास नियम घालून देण्यांत आला, परिचारकाची लक्षणें ठरविण्यांत आलीं. विष्ठा, मूत्र, थुंकी, वांति यांची किळस न येणें हें त्यांतलें एक, आणि रोग्यास धीर देतां येणें हें दुसरें. शिवाय दिवंगत भिक्षूचें पात्र व चीवरें त्याच्या परिचारकास द्यावीं असेंहि ठरलें. ज्यांनीं सर्वस्वाचा त्याग केला त्यांनींसुद्धां शुश्रूषेचा मोबदला ठेवला होता, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

हें सारें आपल्या मुलुखापासून दूरचें नाहीं. कन्नड तालुक्यांतील पितळखोऱ्याच्या लेण्यांत पैठणकरांच्या दानलेखांबरोबर मगिल नांवाच्या राजवैद्याचा दानलेखहि आहे. सोपाऱ्यास १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या शासनलेखाचा तुकडा सांपडला. राजाच्या धर्मयात्रेंत काय घडावयाचें हें त्या शासनांत सांगितलें आहे. त्यांत वृद्धांचें दर्शन आधीं आहे आणि त्यांस सुवर्णदान मागाहून.

पुढें हा भार कुटुंबानें उचलला. एकत्र कुटुंबाची थोरवी गातांना आपल्यास भान राहत नाहीं. पण त्या घरांत सासऱ्यास उठवून बसविणारा हात कोणाचा होता? बहुधा सुनेचा, नाहीं तर घरांतल्या एखाद्या विधवेचा. तिच्या श्रमाचा हिशेब कोणत्याच वहींत नाहीं. शुश्रूषा हें काम आहे, त्यास शिक्षण लागतें, मोबदला लागतो, हें जुनें ज्ञान जें बुडालें तें या फुकटच्या हातांमुळें बुडालें असें आमचें मत आहे. घरांतून तो हात निघून गेला तेव्हां मागें काय उरलें, तर भिंती. (मुंबईंत थकल्या गुरांसाठीं पांजरपोळ १८३४ सालीं निघाला, माणसांचा क्रम आपल्याकडे मागाहून लागला.)

पुण्यास १८६० नंतरच्या दशकांत डेव्हिड ससून यांच्या औदार्यानें जी संस्था उभी राहिली ती अनाथ पंगू गृह या नांवाची. ती आज ‘निवारा’ म्हणून ओळखली जाते. बगदादहून आलेल्या परधर्मी व्यापाऱ्यानें आमच्या निराधारांची चिंता वाहिली, याबद्दल महाराष्ट्र त्याचा ऋणी आहे. तरीहि या दोन नांवांतच पुढला सारा इतिहास सांठवला आहे असें वाटतें: आधीं माणसाची असमर्थता सांगावयाची, मग त्यास निवारा द्यावयाचा. १९६३ सालीं राज्य सरकारनें वृद्धाश्रमांस अनुदान देण्याची योजना काढली. १९९५ सालीं ‘मातोश्री’ची योजना निघाली. २००७ च्या केंद्रीय कायद्याचें एकोणिसावें कलम म्हणतें कीं, राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक, दीडशें निर्धन वृद्धांची सोय होईल असा आश्रम काढूं शकेल. ‘शकेल’ या क्रियापदाकडे आम्ही बोट दाखवितों आणि पुढें जातों. आश्रमाचा दर्जा, वैद्यकीय सेवा, करमणूक यांसाठीं सरकारनें योजना आंखावी असेंहि तें कलम सुचवितें. परंतु किती वृद्धांमागें किती हात, ते शिकलेले कीं अडाणी, त्यांस वेतन काय, याविषयीं कलमांत अक्षर नाहीं. डिसेंबर २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सरकारांस जिल्हावार माहिती विचारली, ती आश्रमांच्या संख्येची. विचारणें रास्तच होतें. २०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांतील शेंकडा ९·९ माणसें साठीपुढील निघालीं, मग आश्रम किती हें कोणी तरी मोजावयास हवेंच.

परंतु आश्रम पुष्कळ झाले तरी काय होतें, हें अमेरिकेनें पाहिलें आहे. १९६५ नंतर तेथें सरकारी पैसा शुश्रूषागृहांकडे वाहूं लागला आणि गृहें वाढलीं. त्याबरोबर तक्रारीहि वाढल्या. म्हातारीं माणसें खुर्चीस पट्ट्यांनीं बांधून ठेवणें ही तेथें नित्याची गोष्ट झाली. १९८६ सालीं एका विद्वत्‌समितीनें या प्रश्नावर अहवाल दिला व १९८७ सालीं कायदा झाला. त्यानें इमारतींपेक्षां माणसांकडे अधिक पाहिलें. येणाऱ्या प्रत्येक वृद्धाची सांगोपांग पाहणी करून त्याच्यापुरती सेवेची आंखणी करावी. अंग पुसणाऱ्या, भरविणाऱ्या परिचारिकेस निदान ७५ तासांचें शिक्षण असावें. शिक्षेदाखल वा आपल्या सोयीसाठीं कोणास बांधूं नये. आणि तपासनिसांनीं कागद पाहून न थांबतां खुद्द रहिवाशांस विचारावें. पट्टे पुष्कळ कमी झाले. सारेंच सुधारलें असें नाहीं. मनुष्यबळाची तूट राहिलीच आणि २०२० च्या करोनाच्या सांथींत त्या गृहांनीं अपार मृत्यु पाहिले. पण प्रश्न कोठें आहे हें तरी त्यांना उमगलें होतें.

आम्हांस तो उमगला एका वडीलधाऱ्या आप्तांमुळें. ते ज्या आश्रमांत होते त्याचें नांव आम्ही घेत नाहीं. खोली हवेशीर, खाट उत्तम, दर्शनी भिंतीवर देणगीदारांच्या पाट्या. जन्मभर सकाळीं साडेसातास स्नान करून पूजेस बसणारे हे शिक्षक. त्यांस तेथें पहाटे चारास आंघोळ घालीत, कारण रात्रपाळीची बाई सहास सुटे आणि तिच्याकडे तीस माणसें होतीं. अंथरुणास खिळलेल्यांची दर दोन तासांनीं कूस बदलली नाहीं तर पाठीस जखमा होतात, हें तिला ठाऊक होतें. तीस माणसांचें तिनें तें करावें कसें, हें मात्र तिला कोणी सांगितलें नव्हतें. आम्ही व्यवस्थापकांस विचारलें तेव्हां त्यांनीं आम्हांस नवी पाण्याची टाकी दाखविली.

सारे तिला मावशी म्हणत. एकदां आप्तांच्या पायांस तेल लावतांना तिनें सहज सांगितलें कीं, घरीं तिची सासू अंथरुणास खिळलेली आहे आणि रात्रीची तिला शेजारीण पाहते. शेजारणीस त्याचे कांहीं देतां कां, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, “देतें ना, फुकट कोण करील?”